स्पर्धात्मक पोकेमॉन: बॅन कशावर हवा, कशावर नको?

निवडुंग

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपची पोकेमॉन शोडाऊनवर (ऑनलाइन लढतींचा सिम्युलेटर) स्पर्धा घ्यायचं ठरलंय. नववी जनरेशन (म्हणजे गेमची पिढी), सिंगल्स (मैदानात एकास एक), सहा विरुद्ध सहा. जागा मिळाली, वायफाय मिळालं, चहाची सोय झाली आणि नियमांवर गाडं अडलं.

एक गट म्हणतो, स्मोगॉन या खेळाडूंच्या साइटचे ओयू गटाचे नियम जसेच्या तसे घ्या आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, गेममध्ये आहे ना, मग चालू द्या, बॅन म्हणजे हरणाऱ्यांची रड. तिसऱ्याला टेरा (लढतीत एकदा पोकेमॉनचा टाइप बदलणं) बंद हवंय, किंगॅम्बिट हा पोकेमॉन बंद हवाय, झोपवणं बंद हवंय, गोल्डेंगो बंद हवाय.

माझं मत आधीच सांगतो. एखादी गोष्ट ताकदवान आहे म्हणून बॅन करू नये. समोरच्याला ठरवण्यासारखं काही उरतच नसेल, तर करावी. डगट्रिओचंच घ्या. त्याचा बेस एचपी (मूळ जीव) फक्त ३५, फुंकर मारली तरी पडेल. पण अरीना ट्रॅप या क्षमतेमुळे जमिनीवरचा समोरचा पोकेमॉन अडकतो, स्विच करताच (बदलताच) येत नाही. म्हणजे मी माझा हीट्रॅन मैदानात आणला, तुम्ही डगट्रिओ आणला, विषय संपला. त्या क्षणी मी कितीही हुशार असलो तरी करण्यासारखं काही नाही. २०१७ मध्ये अरीना ट्रॅपवर बंदी आली ती याच कारणाने, आणि ती योग्यच होती.

तुम्ही नियम ठरवताना काय कसोटी लावता? अनुभव असतील तर सविस्तर लिहा.

चटणीभाकर

जागा पकडली. हा धागा शंभरी गाठणार.

पन्हाळगड

मी कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे सगळं कुस्तीतल्या वजनी गटांसारखं दिसतं. ५७ किलोच्या पोराला सव्वाशे किलोच्या गड्यासमोर कोणी उभं करत नाही. वरच्या उबर्सपासून खाली ओयू, यूयू, आरयू, एनयू, पीयू हे तसेच गट. वरच्या गटात गेलेल्यावर अन्याय झाला असं नाही, त्याची जोड तिथं आहे एवढंच. बॅन शब्द ऐकला की लोक उगाच भडकतात. म्यूटू बॅन नाही, म्यूटू उबर्समध्ये खेळतो.

टाकळीकर

@पन्हाळगड, उदाहरण छान आहे पण अर्ध्यापर्यंतच चालतं. वजन काट्यावर मोजता येतं. ओयूच्या खालचे टियर (गट) ताकदीवर नाही, वापरावर ठरतात. सध्याची रेषा ४.५२ टक्क्यांची आहे. पंधरा लढतींत एखादा पोकेमॉन किमान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असेल, तर तो ओयू. पूर्वी हीच रेषा वीस लढतींवर होती, म्हणजे ३.४१ टक्के. आता ती कडक झाली.

म्हणजे यूयूमधला पोकेमॉन कमजोरच असतो असं नाही, लोक त्याला कमी वापरतात. याउलट उबर्समध्ये जाणं हा वापराचा प्रश्नच नाही, तिथे कौन्सिल किंवा खेळाडूंचं मतदान पाठवतं. या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि वाद घालणारे नव्वद टक्के लोक त्यांची सरमिसळ करतात.

पन्हाळगड

बरोबर. पण निकाल तोच ना? जोडीला जोड.

सईची_आई

मी गेम खेळत नाही, पण माझा मुलगा सातवीत आहे आणि दिवसभर हेच ऐकते. त्याच्या मित्रांनी आपसांत नियम केलाय की लीजेंडरी आणायचे नाहीत. ऐकायला तरी सोपा आणि न्याय्य वाटतो. मग तुम्ही मोठी माणसं एवढं का गुंतागुंतीचं करता?

निवडुंग

@सईची_आई, ताई, प्रश्न अगदी योग्य आहे, आम्ही सगळ्यांनी लहानपणी तोच नियम केला होता. अडचण अशी की लीजेंडरी हे कथेतलं पद आहे, लढाईतलं नाही. रेजिगिगास लीजेंडरी आहे, त्याच्या आकड्यांची बेरीज ६७०, अटॅक १६०. पण स्लो स्टार्टमुळे पहिली पाच वळणं त्याचा अटॅक आणि वेग निम्मा असतो, आणि तोवर तो बहुतेक वेळा पडतो. आर्टिकुनो तर स्टेल्थ रॉकवर (आत येणाऱ्याला टोचणारे खडे) आल्या आल्या निम्मा होतो. दुसरीकडे वर सांगितलेला डगट्रिओ लीजेंडरी नाही, तरी त्याच्या क्षमतेवर बंदी आली.

तुमच्या मुलाला हे दाखवा, तो नक्की वाद घालेल. घालू द्या.

सईची_आई

दाखवलं. तो म्हणतोय "काकांना सांग, आमच्या बिल्डिंगमध्ये रेकाझा आणणाऱ्याला रेजिगिगास आणायला कोण सांगणार?"

चटणीभाकर

पोराचा मुद्दा बिनतोड आहे.

मेघदूत_न्यूजर्सी

मी व्हीजीसी खेळतो, म्हणजे कंपनीची अधिकृत डबल्स. इथला बहुतेक वाद मला सिंगल्सचा वाटतो. आमच्याकडे खेळाडू मतदान करत नाहीत. कंपनी नियमावली जाहीर करते, रेग्युलेशन जी मध्ये एक रिस्ट्रिक्टेड (सर्वांत ताकदवान लीजेंडरी), रेग्युलेशन आय मध्ये दोन, आणि एका टीममध्ये एकच वस्तू दोनदा देता येत नाही. चालींवर बंदी जवळजवळ नाहीच. झोप चालते, शीअर कोल्डसारख्या एका फटक्यात संपवणाऱ्या चाली चालतात, अंग आकसून चुकवणं चालतं. आणि तरी वर्षानुवर्षं स्पर्धा नीट होतात.

याचं मोठं कारण डबल्सची रचना. मैदानात दोन असले की झोपवणाऱ्या अमूंगसला टाँट मारून अडवता येतं, दोघांनी मिळून एकाला पाडता येतं, प्रोटेक्ट करून एक वळण खाता येतं. डायनामॅक्स (पोकेमॉनला तीन वळणं महाकाय करणं) सिंगल्समध्ये असह्य होतं म्हणून स्मोगॉनने डिसेंबर २०१९ मध्ये, गेम आल्यावर महिन्याभरात, ते काढून टाकलं. आमच्याकडे तेच डायनामॅक्स २०२२ पर्यंत चाललं आणि त्यात अप्रतिम सामने झाले. तीन वळणं कशी काढायची, समोरच्याने कधी वापरावं यासाठी त्याला कसं भाग पाडायचं, हे एक वेगळंच शास्त्र होतं.

आणि २०१४ ची विश्वस्पर्धा कोण विसरेल? वॉशिंग्टनमध्ये कोरियाच्या सेजुन पार्कने पाचिरिसू घेऊन अजिंक्यपद जिंकलं! गोंडस खार, जिला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. फॉलो मी करून ती फटके स्वतःवर घ्यायची आणि शेजारचा मेगा ग्याराडोस मोकळा खेळायचा. मेटा (त्या वेळचे रूढ डावपेच) इतका बंदिस्त वाटत असताना एका माणसाने डोकं लढवून दार उघडलं. बॅन करत बसलो असतो तर हे झालं असतं का?

टाकळीकर

> बॅन करत बसलो असतो तर हे झालं असतं का?

पाचिरिसूची गोष्ट मलाही आवडते, तो सामना मी अनेकदा पाहिलाय. पण ती गोष्ट बॅनच्या विरोधात पुरावा म्हणून वापरली जाते ते मला पटत नाही. त्याच काळात मेगा कंगासखान कुठे नव्हती? पेरेंटल बाँडमुळे प्रत्येक फटका दोनदा, दुसरा निम्म्या ताकदीचा. पॉवर-अप पंच मारला तर एका वळणात अटॅक दोन पायऱ्या वर. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, क्रेसेलिया, हीट्रॅन, अमूंगस, लँडोरस आणि कंगासखान या पाच जणांच्या साच्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून चॉक असं नावच पडलं, कारण अर्धे लोक तोच घेऊन यायचे.

आणि कंपनीने काय केलं? २०१६ च्या शेवटी सन-मून आले तेव्हा दुसरा फटका निम्म्यावरून पाव केला. गेल विंग्ज ही क्षमता पूर्ण एचपी असतानाच चालेल असं केलं. प्रँकस्टरची चाल डार्क टाइपवर लागणार नाही असं केलं. डार्क व्हॉइडची अचूकता ८० वरून ५० वर आणली आणि डार्कराय सोडून कोणी वापरली तर ती लागूच होणार नाही असा बंदोबस्त केला. हे सगळे बॅनच आहेत, फक्त तीन वर्षं उशिरा आलेले आणि खेळाडूंना न विचारता केलेले.

मेघदूत_न्यूजर्सी

@टाकळीकर, हे मी मान्य करणार नाही. नर्फ (ताकद कमी करणं) आणि बॅन यांत मूलभूत फरक आहे. नर्फनंतर कंगासखान खेळात राहिली. बॅननंतर राहत नाही. ज्या मुलाची ती आवडती आहे त्याला तुम्ही सांगता, तू दुसऱ्या खोलीत जाऊन खेळ. दोन्ही गोष्टींना एकच नाव देऊन चालणार नाही.

टाकळीकर

फरक आहे, नाकारत नाही. पण नर्फ करण्याचा अधिकार खेळाडूंकडे नाही. स्मोगॉन गेमचे आकडे बदलू शकत नाही. त्यांच्या हातात एकच हत्यार आहे, काय आणायचं आणि काय नाही.

गुलमोहर_नाशिक

मी पोकेमॉन गो वाली. आमच्याकडे तिसरीच पद्धत आहे, ती इथे कोणी मांडलेली दिसत नाही म्हणून लिहिते. बॅटल लीगमध्ये सरसकट बॅन जवळजवळ नसतोच, सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीचा आकडा) मर्यादा असते. ग्रेट लीग १५०० पर्यंत, अल्ट्रा २५०० पर्यंत, मास्टर खुली. सीपीच्या सूत्रात अटॅकला जास्त वजन आहे, त्यामुळे मर्यादेच्या आत बसवायला कमी अटॅक आणि जास्त चिवटपणा असलेले पुढे येतात. म्हणून अझुमॅरिल आणि मेडिचॅमसारखे, मुख्य गेममध्ये ज्यांना कोणी राजा म्हणणार नाही असे, ग्रेट लीगमध्ये वर्षानुवर्षं ठाण मांडून होते. आणि म्हणून आम्ही १५ अटॅकवाला "परफेक्ट" बाजूला ठेवून शून्य अटॅकवाला शोधत फिरतो!

शिवाय हंगाम बदलला की चालींचे आकडे बदलतात. कोणी वर जातो, कोणी खाली. मेटा शिळा होत नाही हा फायदा. तोटा असा की ज्यावर स्टारडस्ट (ताकद वाढवायला लागणारा साठा) ओतला तो पोकेमॉन पुढच्या हंगामात बाकावर बसू शकतो. मला स्वतःला ही पद्धत आवडते, कारण नको त्याला हाकलून देण्यापेक्षा सगळ्यांना एका छताखाली बसवलं जातं.

चटणीभाकर

गो भारतात डिसेंबर २०१६ मध्ये आलं तेव्हा जिओ स्टोअरच्या बाहेर फोन धरून उभे असलेले लोक आठवतात का कोणाला?

गुलमोहर_नाशिक

आठवतात म्हणजे काय, त्यात मी होते.

जुनंसोनं

सगळे नव्या जनरेशनवर बोलताय. पहिल्या पिढीपासून सुरुवात करा, म्हणजे हा वाद किती जुना आहे ते कळेल. १९९७ च्या जपानमधल्या निन्टेन्डो कपमध्येच म्यू आणि म्यूटू बाद होते. आणि लेव्हल ५० ते ५५ मधलेच चालायचे, निवडलेल्या तिघांची बेरीज १५५ च्या वर जाता कामा नये. म्हणजे एकाला ५५ चा केला की बाकीचे दोघे ५० चेच. किती सुंदर नियम आहे पाहा, काहीही न हाकलता निवड करायला लावतो. बॅन आणि मर्यादा दोन्ही पहिल्या दिवसापासून आहेत आणि दोन्ही कंपनीनेच आणले.

पहिल्या पिढीत स्पेशल हा एकच आकडा होता, मारायलाही तोच आणि सोसायलाही तोच. म्यूटूचा स्पेशल १५४. एकदा अॅम्नेशिया वापरली की दोन्ही बाजूंनी दुप्पट. क्रिटिकल फटका वेगावर ठरायचा आणि म्यूटूचा वेग १३०. त्याला थांबवायला दुसरा म्यूटूच लागायचा.

आता तिसऱ्या पिढीतला वॉबफेट. स्वतः हल्लाच करत नाही, फक्त परतवतो. एचपी १९०. शॅडो टॅगमुळे समोरचा पळू शकत नाही. दोन्ही बाजूंनी वॉबफेट आले आणि दोघांच्या हातात लेफ्टओव्हर्स (दर वळणाला थोडा एचपी भरून देणारी वस्तू) असले तर? कोणीच स्विच करू शकत नाही. चाली संपल्या की दोघे स्ट्रगल करतात, म्हणजे स्वतःलाही लागेल असा फटका मारतात, जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त लेफ्टओव्हर्स भरून काढतं. सामना संपतच नाही! चौथ्या पिढीत कंपनीने शॅडो टॅगवाल्यावर शॅडो टॅग लागणार नाही असं केलं आणि स्ट्रगलचा मारही बदलला. ताकद हा तिथं मुद्दाच नव्हता.

निवडुंग

@जुनंसोनं, वा! वॉबफेट हे माझ्या कसोटीचं सगळ्यात चांगलं उदाहरण. न मारणारा पोकेमॉन उबर्समध्ये, कारण तो निर्णय हिरावतो.

अमृतवेल

निवडुंग, तुमची कसोटी मला अपुरी वाटते. बिडूफ आठवतो का? पाचव्या पिढीत त्याला मूडी क्षमता आली. दर वळणाला एक आकडा दोन पायऱ्या वर, दुसरा एक पायरी खाली, आणि तेव्हा त्यात चुकवण्याचाही आकडा यायचा. प्रोटेक्ट, सब्स्टिट्यूट, प्रोटेक्ट, सब्स्टिट्यूट करत फटके अडवत बसायचं. समोरच्याला निर्णय भरपूर होते, रोअर मारा, काहीही करा. फक्त लागायचं की नाही हे नशिबावर. चुकवणं सहा पायऱ्या वर गेलं की शंभर टक्के अचूक चालसुद्धा तीनातून एकदाच लागते. तिथे निर्णय हिरावला नाही, निर्णयाची किंमत शून्य केली. तुमच्या व्याख्येत हे बसत नाही, तरी मूडी बॅन व्हायलाच हवं होतं. आठव्या पिढीत कंपनीने त्यातून अचूकता आणि चुकवणं काढून टाकलं, म्हणजे त्यांनाही पटलं असावं.

निवडुंग

@अमृतवेल, हे मी जोडून घेतो. निर्णय असायला हवा आणि त्या निर्णयाने काही फरक पडायला हवा. दोन्ही.

टाकळीकर

आता खरा अवघड भाग. बॅन करायचं ठरलं तर नेमकं कशावर? पोकेमॉनवर, क्षमतेवर, की चालीवर?

पाचव्या पिढीत ड्रिझल क्षमतेने पाऊस कायमचा लागायचा आणि स्विफ्ट स्विमवाले त्यात दुप्पट वेगाने पळायचे. ड्रिझलवाला पॉलिटोड आणि स्विफ्ट स्विमवाला किंगड्रा एकत्र आले की समोरच्याची धूळधाण. २०११ मध्ये स्मोगॉनने ठरवलं, दोन्ही वेगवेगळे चालतील, एका टीममध्ये एकत्र नाही. लोकांना ही तडजोड तेव्हा शहाणपणाची वाटली, पण पुढे प्रत्येक जण आपल्या आवडत्यासाठी असलीच अट मागू लागला. ब्लेझिकनचं काय? स्पीड बूस्ट आल्यावर तो उबर्समध्ये गेला, आणि त्याच्यासोबत बिचारा ब्लेझवाला साधा ब्लेझिकनही गेला. गार्चॉम्पच्या बाबतीत उलट झालं. वाळूच्या वादळात सँड व्हेलमुळे दर पाचातला एक फटका चुकायचा. आधी गार्चॉम्प गेला, मग सँड व्हेल क्षमताच काढली आणि रफ स्किनवाला गार्चॉम्प परत आला.

नवव्या पिढीतही तेच. हाऊंडस्टोनची लास्ट रिस्पेक्ट्स ५० ची चाल आहे, पण पडलेल्या प्रत्येक साथीदारामागे ५० वाढते. पाच पडले की ३००. आधी हाऊंडस्टोन बॅन, मग बॅस्क्युलेजियन तीच चाल घेऊन आला तेव्हा चालीवरच बंदी आणि हाऊंडस्टोन सुटला.

माझा नियम असा: एकाच पोकेमॉनमुळे त्रास असेल तर तो पोकेमॉन. तीच गोष्ट दुसऱ्याच्या हातातही तितकीच वाईट ठरत असेल तर ती क्षमता किंवा चाल. "हे आणि ते एकत्र नको" असला नियम शेवटचा, कारण नव्या माणसाला तो समजावता समजावता स्पर्धा संपते.

चटणीभाकर

यू-गि-ओहवाल्यांकडे बघा, पॉट ऑफ ग्रीड म्हणजे फक्त "दोन पत्ते ओढा", आणि वर्षानुवर्षं निषिद्ध यादीत. त्यांच्यासमोर आपण सज्जन.

अमृतवेल

तो वेगळा धागा काढा, तिथेही येते.

करवंद

झोपेचं कोणी नीट लिहिलं नाही. जुना स्लीप क्लॉज असा: समोरच्या टीममधला एक झोपला असेल तर दुसऱ्याला झोपवायचं नाही. पण खऱ्या गेममध्ये असं बंधन नाहीच. शोडाऊनवर दुसऱ्यांदा झोपवायला गेलात तर सिम्युलेटर ती चाल फसवतो, म्हणजे गेममध्ये नसलेली गोष्ट नियमाच्या नावाखाली घुसवलेली. लोकांनी कित्येक वर्षं चालवून घेतलं. मग नवव्या पिढीत डार्कराय आणि आयर्न व्हॅलियंट हिप्नोसिस घेऊन फिरू लागले. साठ टक्के अचूक. लागली तर तुमचा एक जण गेला, नाही लागली तर त्यांचं एक वळण गेलं, आणि सगळा सामना त्या एका नाण्यावर. २०२४ मध्ये ओयूमधून झोपवणाऱ्या चालीच काढल्या. माझ्या मते हा त्या वर्षातला सगळ्यात स्वच्छ निर्णय. खोटा क्लॉज गेला, सरळ नियम आला.

मेघदूत_न्यूजर्सी

आणि तरीही डबल्समध्ये अमूंगस स्पोअर मारत मजेत फिरतोय. फॉरमॅट बदला, प्रश्न बदलतो. मी तेच म्हणतोय पहिल्यापासून.

रानफुल

थोडी वेगळी बाजू. मला चॅरिझार्ड आवडतो. कार्टून नेटवर्कवर हिंदीत पोकेमॉन बघत वाढलेल्या पिढीला त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको. मोठेपणी स्पर्धात्मक खेळायला गेले आणि पहिल्याच सामन्यात चॅरिझार्ड आत आणला तर खडे टोचून एचपी थेट निम्म्यावर. स्टेल्थ रॉक. आग आणि उडणारा, दोन्हींना दगड दुप्पट लागतो, म्हणून चौपट. त्याने अजून पंखही हलवले नव्हते! पुन्हा बाहेर नेऊन परत आणला की मेला. चौथ्या पिढीपासून कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले की स्टेल्थ रॉक बॅन करा, एका चालीने इतके पोकेमॉन निकामी होतात. ओयूमध्ये ते कधीच झालं नाही.

मग २०१९ मध्ये आठव्या पिढीत हेवी-ड्यूटी बूट्स आले. पायात बूट, खडे टोचत नाहीत. पण हातात दुसरी वस्तू नाही, म्हणजे लाइफ ऑर्बचा जोर गेला, लेफ्टओव्हर्सचा आधार गेला. किंमत मोजा आणि खेळा. मोल्ट्रेससारखे किती तरी जण एका वस्तूने परत आले. मला वाटतं उत्तम संतुलन ते हेच. अडवणारी गोष्ट काढली नाही, तिच्यावर उतारा दिला, आणि उताऱ्याचीही किंमत ठेवली. रॉक काढले असते तर उडणाऱ्यांवर कोणाचाच लगाम उरला नसता आणि दोन वर्षांनी आपण त्यांच्यावर बॅन मागत बसलो असतो.

म्हणून एखादी गोष्ट छळतेय असं वाटलं की मी आधी विचारते, उतारा आहे का आणि तो बाळगायला काय गमवावं लागतं. उताऱ्यासाठी टीममधल्या दोन जागा अडत असतील तर तो उतारा नाही, खंडणी आहे.

टाकळीकर

शेवटचं वाक्य स्मोगॉनच्या मतदानाच्या पानावर लावायला हवं.

पन्हाळगड

रानफुल, लाख बोललात.

सह्याद्री_वारा

टेरावर या आता, मूळ भांडण तेच आहे. मी टेराच्या विरोधात आहे आणि कारण सांगतो. माझा ग्रेट टस्क मैदानात, समोर किंगॅम्बिट. डार्क आणि स्टील, फायटिंग चौपट लागतं. क्लोज कॉम्बॅट मारला की खेळ खलास. पण त्याने टेरा घोस्ट केलं तर फटका लागतच नाही. टेरा फ्लाइंग केलं तर लागून लागून किती लागेल? अठरा टाइप, शिवाय स्टेलर. मला काय माहीत त्याने कोणता ठेवलाय? हा अंदाज नाही, आंधळी कोशिंबीर आहे.

त्यात सुप्रीम ओव्हरलॉर्ड. त्याचे पाच साथीदार पडले की त्याची ताकद दीडपट. सामना चांगला खेळून पाच पाडले, आणि त्याचं बक्षीस काय, तर समोर दीडपट किंगॅम्बिट.

करवंद

@सह्याद्री_वारा, किंगॅम्बिटचा तोच शेवटचा प्रसंग मला या पिढीतला सगळ्यात आवडता वाटतो, आणि तोच जरा जवळून बघू. त्याचं मुख्य हत्यार सकर पंच. समोरचा हल्ला करणार असेल तरच लागतो. म्हणजे टस्कने क्लोज कॉम्बॅट मारला तर पंच आधी बसणार. पण टस्कने त्याच वळणाला बल्क अप केलं तर पंच वाया, आणि टस्कचा अटॅक वाढला. सकर पंचचे पीपी (चाल किती वेळा वापरता येईल तो आकडा) जास्तीत जास्त आठ. प्रत्येक वळणाला दोघेही विचार करतात, आता तो मारेल की थांबेल? त्याला वाटतं मी थांबेन, म्हणून तो स्वॉर्ड्स डान्स करेल, मग मी मारायला हवं. अशी तीन-चार वळणं श्वास रोखून खेळली जातात. दोन्ही बाजूंना निर्णय आहे आणि प्रत्येक निर्णयाला किंमत आहे. निवडुंगच्या कसोटीवर किंगॅम्बिट सुटतो.

टेराबद्दल मात्र अर्धं मान्य. माहिती नसणं हा त्रास आहे. व्हीजीसीत २०२३ पासून ओपन टीम शीट आहे, कोणाचा टेरा टाइप काय ते आधीच कळतं. तिथे ही तक्रार जवळपास उरलेली नाही. मग सिंगल्समध्ये बॅन कशाला, टीम प्रिव्ह्यूच्या वेळी (सामन्याआधी टीम दाखवतात तेव्हा) टेरा टाइप दाखवा.

सह्याद्री_वारा

दाखवला तर माझा विरोध निम्म्याहून कमी होईल. पूर्ण नाही. पण बसून बोलता येईल.

मेघदूत_न्यूजर्सी

ओपन शीटचं मीही सांगणार होतो. पूर्वी मोठ्या ग्रुपमधून येणाऱ्याला मित्र कानात सांगायचे की अमक्याकडे काय आहे, एकट्याने आलेल्याला काहीच कळायचं नाही. शीट उघडल्यावर ते बंद झालं. स्पर्धा लहान असो की मोठी, हा नियम घ्याच.

अमृतवेल

स्मोगॉनवर टेराबद्दल मतदान झालं होतं, प्रिव्ह्यूचा पर्यायही चर्चेत होता. बॅनसाठी लागणारी मतं पडली नाहीत. साधारण साठ टक्के लागतात, साधं बहुमत पुरत नाही. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. आणि मतदानाचा हक्क लॅडरवर (गुणांच्या क्रमवारीत) ठरावीक दर्जा गाठल्याशिवाय मिळत नाही. मी एकदा तो मिळवला. तेव्हा कळलं की ज्या गोष्टीविरुद्ध मत द्यायचं तीच दिवसरात्र खेळावी लागते, आणि खेळता खेळता मत बदलतं. माझं बदललं, बॅनच्या बाजूने गेले होते आणि विरोधात मत दिलं.

एक आणखी. सगळ्यांसाठी खुली जागा असायला हवी असं वाटणाऱ्यांसाठी एनीथिंग गोज हा काहीही चालणारा गट आहेच. २०१४ मध्ये मेगा रेकाझा आला. त्याला मेगा स्टोन लागत नाही, ड्रॅगन असेंट शिकवली की झालं, हातात वस्तू मोकळी. उबर्सलाही तो झेपला नाही म्हणून त्याच्यासाठी वरचा मजला बांधावा लागला. सईच्या आईंच्या बिल्डिंगमधला रेकाझा तिथे पाठवा.

सईची_आई

पाठवते! आणि त्यांनी आता नियम बदललाय. प्रत्येकाने एकच लीजेंडरी आणायचा. हे कोणी शिकवलं नाही हं त्यांना.

मेघदूत_न्यूजर्सी

ताई, हे तर रेग्युलेशन जी झालं!

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ग्रुपवर हा धागाच टाकला आणि दोन तास भांडून हे ठरलं. ओयूची बंदी यादी पाया म्हणून घ्यायची, कारण आम्ही जेवढा विचार करू त्याहून जास्त लोकांनी त्यावर जास्त केलाय. झोप बंद, चुकवणं बंद, शेड टेल ही चाल बंद, त्यावर वादच झाला नाही. किंगॅम्बिट राहणार, करवंदचा प्रतिसाद वाचून विरोधक गप्प झाले. टेरा राहणार, पण सामन्याआधी दोघांनी एकमेकांना टेरा टाइप सांगायचे, कागदावर लिहून. "गेममध्ये आहे ना"वाल्या गटासाठी संध्याकाळी वेगळी एनीथिंग गोज फेरी, बक्षीस म्हणून बाकरवडीचं पाकीट.

फक्त गोल्डेंगोवर अजून एकमत नाही. गुड अॅज गोल्डमुळे त्याच्यावर स्टेटस चाली लागत नाहीत, डीफॉग त्याच्यासमोर फसतं, घोस्ट असल्याने रॅपिड स्पिनही लागत नाही. खडे काढायचे कसे हा रानफुल यांचाच प्रश्न पुन्हा समोर आलाय. उतारा की खंडणी?

रानफुल

उतारा. ग्रेट टस्क नॉक ऑफने गोल्डेंगोला फोडतो आणि अर्थक्वेकही चौपट नाही पण दुप्पट लागतो, तो तर तसाही निम्म्या टीममध्ये असतो. शिवाय बूट्स आहेत. राहू द्या त्याला.

सह्याद्री_वारा

राहू द्या, पण एअर बलून (अर्थक्वेक लागू न देणारी वस्तू) घेऊन आला तर मला फोन करू नका.

पन्हाळगड

तारीख कोणती? कोल्हापूरहून सकाळची गाडी धरली तर पोचता येईल का, की नाव नोंदणी फक्त कॉलेजवाल्यांना?

निवडुंग

या की! नोंदणी सगळ्यांना खुली. तारीख आणि पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. टीम आणि टेरा टाइप लिहिलेला कागद मात्र आधीच तयार ठेवा.